पॅकर्सवाल्याने घरचं सामान अडकवून ठेवलंय; जादा पैसे द्यावेत का?

प्रश्न : बदली झाल्याने बंगळुरूहून ठाण्याला बिऱ्हाड हलवले. ३ जूनला पॅकर्स-मूव्हर्सकडे बुकिंग केले. एकूण ३६,००० रुपये ठरले, त्यात 'ट्रान्झिट इन्शुरन्स'चे ६,००० धरलेले. ९,००० आगाऊ दिले, बाकीचे सामान घरी उतरवल्यावर द्यायचे होते. ९ जूनला सामान गेले. आता ते भिवंडीच्या गोडाऊनमध्ये आहे आणि आणखी १८,५०० मागतायत : जादा सामानाचे ८,०००, जकात आणि ई-वे बिलाचे ६,५००, गोडाऊन भाडे ४,०००. 'दिले नाहीत तर १५ दिवसांत माल विकू' असा मेसेज आला आहे. बिल्टी (वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती) दिलेली नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर कोटेशन आणि सामानाची यादी आहे. आईच्या आजारपणाची फाइल आणि मुलीचे शाळेचे दाखले त्याच खोक्यांत आहेत. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला आहे.

उत्तर : 'आता एक पैसाही देणार नाही' असे त्यांना कळवले असेल तर ते आधी मागे घ्या. तुम्ही चिडणे साहजिक आहे, पण वाहतूकदाराला ठरलेल्या भाड्यापोटी माल धरून ठेवता येतो. वकिली भाषेत त्याला धारणाधिकार म्हणतात. हा अधिकार फक्त या खेपेच्या, खरोखर देणे असलेल्या रकमेपुरता असतो. म्हणून २७,००० देण्याची तयारी तुम्ही लेखी दाखवली की त्यांच्या हातात कायदेशीर आधार उरत नाही. नकार दिलात तर उलट तुम्हीच तो आधार त्यांना देता.

आजच ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हींवर कळवा : 'दि. ३ जूनच्या कोटेशनप्रमाणे शिल्लक २७,००० रुपये देण्यास मी तयार आहे. सामान ठाण्याच्या पत्त्यावर उतरवताच रक्कम कंपनीच्या बँक खात्यात भरीन. अमुक तारखेला सकाळी १० ते ६ मी घरी आहे. १८,५०० ची मागणी मला मान्य नाही.' पैसे ड्रायव्हरच्या किंवा गोडाऊनवाल्याच्या यूपीआयवर टाकू नका. कंपनी नंतर म्हणेल, आम्हाला काही मिळालेच नाही.

आता त्या १८,५०० चा हिशेब. ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीखाली काढावा लागणारा ऑनलाइन कागद; वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागतच नाही, ते नियमांतच वगळलेले आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली, बाकी महापालिकांची त्याआधीच गेली. तरीही 'नाक्यावर भरावी लागली' हे वाक्य अजून ऐकू येते. पावती मागितली की विषय बदलतो. गोडाऊन भाडे तर त्यांनीच माल अडवल्यामुळे झाले आहे, ते तुमच्या डोक्यावर कसे बसेल? जादा सामानाचे मात्र जपून बघा. सर्व्हेची, म्हणजे भाडे ठरवण्याआधी सामान पाहून केलेली यादी आणि चढवतानाची यादी शेजारी ठेवा. कुंड्या, जुना दिवाण असे काही ऐनवेळी चढवले असेल, तर तेवढ्याचे वाजवी पैसे तुम्ही देणे लागता. कोटेशनच्या प्रमाणात रक्कम काढून स्वतःहून देऊ करा. याद्या जुळत असतील तर ८,००० चा प्रश्नच नाही.

माल विकण्याच्या धमकीने घाबरू नका, पण उत्तर न देता बसूही नका. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ प्रमाणे माल घेणाऱ्याने डिलिव्हरी घेतली नाही तर वाहतूकदाराने आधी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीनंतर ३० दिवस गेल्यावरच घरगुती सामानासारखा न नासणारा माल बेवारस धरता येतो. तुम्ही डिलिव्हरी मागताय आणि ते देत नाहीत, हे कागदावर असले की ही वाट त्यांना बंद होते.

पोलिसांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. भाड्याचा वाद दिवाणी असतो. पण ठरलेली रक्कम देऊ केल्यावरही माल दाबून ठेवणे आणि विकायची धमकी देऊन पैसे उकळणे, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) (वाहतूकदाराने केलेला विश्वासघात, सात वर्षांपर्यंत कैद) आणि कलम ३०८ (खंडणी) खाली येऊ शकते. तोंडी गाऱ्हाणे सांगू नका. दोन पानी लेखी अर्ज, त्याला कोटेशन, ९,००० भरल्याचा पुरावा, १८,५०० मागणारा मेसेज, २७,००० देऊ केल्याचा ईमेल, ट्रकचा नंबर आणि गोडाऊनचा पत्ता जोडा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवता येणारा गुन्हा) मागा. तरीही नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज वरिष्ठांकडे, म्हणजे आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने पाठवा. खरे सांगायचे तर गुन्हा नोंदवण्याआधीच पोलिसांचा एक फोन गोडाऊनला गेला की पुष्कळदा ट्रक हलतो.

आणि तो हललाच नाही, फाइल तर उद्या हवी आहे, असे झाले तर? मग पैसे द्या, माझी हरकत नाही. मात्र भरण्याआधी लिहून पाठवा : '१८,५०० रुपये मी माल अडवल्यामुळे, दबावाखाली, परत मागण्याचा हक्क राखून देत आहे.' करार कायद्याच्या कलम १५ मध्ये कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवणे हीच जबरदस्ती आहे, आणि कलम ७२ म्हणते की जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात. या दोन ओळी न लिहिता पैसे दिलेत तर समोरचा वकील म्हणेल, हे राजीखुशीने वाढवलेले भाडे होते.

सामान येईल त्या दिवशी ट्रकचे दार उघडण्यापासून व्हिडिओ घ्या. यादी हातात धरून एकाने ट्रकपाशी उभे राहावे आणि खोक्यांचे नंबर टिक करावेत. डिलिव्हरीच्या कागदावर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असे छापलेले असते. त्याखाली सही करण्यापूर्वी हाताने लिहा : 'खोका क्र. अमुक कमी, टीव्हीची काच तडकलेली, बाकी माल उघडून व उपकरणे चालू करून पाहिलेली नाहीत.' फ्रिज आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवूनच चालू करतात, त्यामुळे त्यातला बिघाड हमालांसमोर कळणारच नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावायचे स्क्रू) लावलेले होते का, त्याचा फोटो घ्या. बोल्ट नसतील तर ड्रमचे सस्पेन्शन प्रवासात जाते, आणि तो पॅकिंगचाच दोष ठरतो. फुटलेल्या वस्तूंची खोकी आणि थर्माकोल टाकून देऊ नका.

त्या ६,००० च्या 'इन्शुरन्स'बद्दल विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी नंबर लेखी मागा. खरी पॉलिसी निघाली तर नुकसान दिसताच विमा कंपनीला कळवा, त्यांचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती करू नका. पॉलिसी नसेल तर विम्याच्या नावाखाली घेतलेले पैसे हा तक्रारीतला तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

ग्राहक आयोगात तक्रार ठाण्यातच करता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाला अधिकार आहे, कोटेशनवर 'बंगळुरू न्यायकक्षा' छापलेले असले तरी. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. सामान तोवर सुटले नसेल तर कलम ३८(८) खाली ते सोडण्याचा अंतरिम आदेश मागा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर नोंदवा, पण ती आयोगाची जागा घेत नाही. तक्रारीत बुकिंग घेणारी कंपनी आणि ट्रकमालक दोघांनाही सामील करा. 'आम्ही फक्त एजंट' ही सबब चालू नये म्हणूनच २००७ च्या कायद्याने एजंट, दलाल आणि कंत्राटदार यांनाही वाहतूकदारात मोजले आहे. बिल्टी देणे हे त्यांचे कर्तव्य होते, ती दिली नाही हेही लिहा. व्हॉट्सअॅपच्या पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल, म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

दोन वर्षे आहेत म्हणून निवांत मात्र राहू नका. माल हरवल्याचा किंवा फुटल्याचा दावा करायचा असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत मिळालेली असावी लागते. २००७ च्या कायद्याचे कलम १६. दिवस डिलिव्हरीपासून मोजले आणि इथेच दावा बसला, असे होते. बुकिंगची तारीख कोणती यावर वाद नको म्हणून ३ जूनपासूनच मोजा, म्हणजे शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर येतो. नोटिशीत प्रत्येक वस्तू, तिची किंमत आणि नुकसान लिहा, आणि ती बंगळुरूचे बुकिंग ऑफिस व नोंदणीकृत कार्यालय दोन्हीकडे स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवा. सामान उघडून पाहिल्यावर त्याच आठवड्यात पाठवलीत तर पोस्टाचे पाकीट परत आले तरी दुसऱ्यांदा पाठवायला वेळ उरेल.