या वेळी पैसे भरले, तर सुटेल ना तो?

मुलाचं जुगारातलं कर्ज फेडायला काका माझ्याकडे चेकबुक घेऊनच आले होते. निवृत्त एसटी वाहक, मुलगा सत्तावीस वर्षांचा. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) "मॅडम, साडेसहा लाख झालेत. या वेळी भरले, तर सुटेल ना तो?"

जुगाराने पोळलेलं जवळपास प्रत्येक घर मला हेच विचारतं. वर्षापूर्वी काकांनी ग्रॅच्युइटीतले चार लाख भरले होते. मुलाने आईची शपथ घेतली. तेव्हा तो ॲपवर रमी खेळायचा. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ॲप बंद पडलं, तर त्याने बुकीकडून, म्हणजे सट्टा घेणाऱ्याकडून, सट्टा लावायचा आयडी घेतला आणि क्रिकेटवर पैसे लावायला लागला.

मी काकांना चेकबुक आत ठेवायला सांगितलं. कर्ज एका फटक्यात फिटलं की धाक संपतो आणि पुन्हा उसने मिळायला लागतात. "गेलेले काढायचेत" ही ओढ मात्र तशीच राहते. मानसोपचारशास्त्र जुगाराच्या व्यसनाला दारूच्या व्यसनाच्याच रांगेत बसवतं. तिथे शपथ कशी पुरणार? आणि ती मोडली की लपवाछपवी आणखी वाढते.

मुलगा म्हणाला, "महिन्याला पाचशेच लावीन, जपून खेळीन." त्याचंच बँक स्टेटमेंट उघडलं. जुलैत त्याने हीच मर्यादा घातली होती. संध्याकाळपर्यंत अकरा हजार गेले होते. हरल्यावर उठून घरी जाणारी माणसं असतात. ज्याला उठता येत नाही, त्याच्यासाठी जपून खेळणं नसतंच. पूर्ण बंदच करावं लागतं. हे त्याला मी स्पष्ट सांगितलं.

मग त्याला एकट्याला विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती घरच्यांना वाटते. तसं होत नाही. तो बराच वेळ रडला. "दोनदा वाटलं," म्हणाला. त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि घरात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवायला सांगितला. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं.

कुणाकुणाचे पैसे द्यायचेत त्याची यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, आईसमोर वाचली. त्यातली दोन नावं घरात कुणालाच माहीत नव्हती. पगार काकांच्या सहीशिवाय निघणार नाही अशा खात्यात, फोनमधलं यूपीआय बंद, रोजच्या खर्चाला रोख. हप्ते त्याच्याच पगारातून. त्याला हे लाजिरवाणं वाटलं, आणि त्याचा राग मला समजतो. पण हातात पैसा नसला की ओढ आली तरी ती ओसरायला वेळ मिळतो.

पाचव्या महिन्यात मित्राच्या फोनवरून दोन हजार लावले, हरला. त्याच रात्री त्याने ते स्वतःहून वडिलांना सांगितलं. काकांनी पैसे भरले नाहीत, ओरडलेही नाहीत. सकाळी दोघं माझ्याकडे आले.