मेडिकल कोडिंगमध्ये (पेशंटच्या नोंदी वाचून आजाराचे कोड लावणं) मानेच्या फ्रॅक्चरचे एस१२ चे कोड पाठ कसे करायचे? सातवं कॅरेक्टर ‘ए’ कधी आणि ‘डी’ कधी?

पाठ करूच नका. सीपीसीला (कोडरची सर्टिफिकेट परीक्षा) १०० प्रश्न, ४ तास, आणि कोडबुक समोर ठेवून पेपर द्यायचा असतो, तिथे पाठांतराला कोण विचारतंय. मी खरं तर पुढे स्क्रोल करून गेले असते, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना की ‘क्लासचे सर म्हणतात पहिली व्हिजिट ए, नंतरच्या सगळ्या डी’, ते वाचलं आणि डोकं फिरलं.

मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट. खराडीत यूएस क्लायंटसाठी ऑर्थो-ट्रॉमाचे, म्हणजे हाडांच्या दुखापतींचे, चार्ट कोड करते. (आमच्या घरी अजूनही पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरवर काहीतरी डॉक्टरांचं करते’ असं सांगतात, असो.) तर एकदा एक सर्जरीचा चार्ट आला. माणूस शिडीवरून पडलेला, आधी गावातल्या छोट्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सीटी झाला, कॉलर घालून घरी पाठवलं, तीन आठवड्यांनी बघतात तर तुकडा अजून सरकलेला, मग दुसऱ्या हॉस्पिटलात दुसऱ्या सर्जनने सी१-सी२ फ्युजन केलं, म्हणजे मानेचे पहिले दोन मणके जोडले. नोटच्या वर डायग्नोसिसमध्ये नुसतं ‘ओडोंटॉइड फ्रॅक्चर’ (ओडोंटॉइड म्हणजेच डेन्स, मानेच्या दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका). घाईतला माणूस तिथेच थांबतो, दुसऱ्या मणक्याचा अनस्पेसिफाइड एस१२.१००ए टाकतो आणि पुढचा चार्ट उघडतो. मी खाली वाचत गेले तर दुसऱ्या पानावर, इम्प्लांटच्या वर्णनाच्या मध्येच, सर्जनने टाइप टू आणि मागच्या बाजूला डिस्प्लेस्ड (सरकलेलं) असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे एस१२.१११. सर्जरी चालू आहे म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट, म्हणून ए (इनिशियल एन्काउंटर). शिडीवरून पडल्याचा कोड डब्ल्यू११ पण त्याच ए ने.

क्यूएने (आमचे कोड तपासणारे सर) एरर मारली. म्हणे डी (सब्सिक्वेंट, म्हणजे नंतरची भेट) पाहिजे. मी त्यांच्या डेस्कवर गेले तर, ‘अगं, इनिशियल एन्काउंटर ईआरमध्ये झाला ना, तीन आठवड्यांनी कसला इनिशियल?’ मी गाइडलाइन उघडून दाखवली, चॅप्टर १९, तिथे सरळ लिहिलंय की पेशंटवर ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू असेल त्या प्रत्येक एन्काउंटरला ए, आणि डॉक्टर नवीन आहे की जुना, पहिल्यांदा बघतोय की दहाव्यांदा, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि सर्जरी ही तर उघड ॲक्टिव्ह ट्रीटमेंट, अजून काय पाहिजे. तर साहेब स्क्रीनकडे न बघता म्हणतात, ‘तुम्हा फिजिओ लोकांचा हाच प्रॉब्लेम, तुम्ही पेशंट बघत बसता, कोड बघत नाही.’ सगळ्या टीमसमोर. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले पण.

अहो, पेशंट डोळ्यासमोर आणल्याशिवाय कोड येणार कुठून? ज्याला डेन्स कुठे असतो, तो मागे सरकला की कॉर्डवर (मज्जारज्जूवर) येतो हे माहितीये, तोच दुसऱ्या पानापर्यंत वाचतो. नुसता एस१२.९ (मानेचं फ्रॅक्चर, पण कुठलं ते नाही) टाकणं म्हणजे पत्त्यावर ‘पेठेत कुठेतरी’ लिहून पोस्टमनला शिव्या घालण्यासारखं आहे. पुढे क्लायंटकडून उत्तर आलं, ए च बरोबर. पण तोवर महिना क्लोज झाला होता, माझा अचूकतेचा स्कोअर ९५ च्या खाली गेला तो गेलाच, शीट कुणी बदलली नाही. आणि ‘सॉरी’ हा शब्द त्या डेस्कवरून काही आला नाही. ते क्यूएवाले सर आता ट्रेनिंग देतात म्हणे, त्यामुळे तुमच्या क्लासच्या सरांनी हे कुठून उचललं असेल याची मला शंका आहे.

म्हणून नोकरीला लागलात की पहिलं काम, प्रत्येक रिबटल (एररवरचा तुमचा आक्षेप) मेलवर टाकायचा, गाइडलाइनची ओळ चिकटवून. डेस्कवर जाऊन, चहाच्या टपरीवर, ‘सर जरा बघता का’ असलं काही नाही.

हां, तुमचा प्रश्न. डी म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट संपली, आता कॉलर चेक, फॉलोअपचा एक्सरे, हाड नीट जुळतंय. जुळायला उशीर होतोय तर जी, जुळलंच नाही तर के, मागे राहिलेल्या त्रासाला एस. ओपन फ्रॅक्चरवर ट्रीटमेंट चालू असेल तर ए च्या जागी बी. डॉक्टरने डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड लिहिलं नसेल तर डिस्प्लेस्ड धरायचं, ओपन-क्लोज्ड लिहिलं नसेल तर क्लोज्ड. चौथं कॅरेक्टर मणक्याचं, ० म्हणजे सी१, १ म्हणजे सी२, असं ६ म्हणजे सी७ पर्यंत, हे एकदा बसलं की पाठ करायला उरतं काय. सी१ च्या अनस्टेबल बर्स्ट फ्रॅक्चरला सहाव्या रिकाम्या जागी एक्स भरायला विसरू नका, एस१२.०२एक्सए, तिथे नवीन लोक हमखास आपटतात. टाइप वन आणि थ्रीचे डेन्स ‘अदर’मध्ये, एस१२.१२ खाली. आणि कॉर्डला मार असेल तर एस१४ आधी, एस१२ नंतर. ऑस्टिओपोरोसिसवाली आजी खुर्चीतून उठताना घसरली आणि मणका गेला, तर बहुतेक वेळा एस१२ नाहीच, एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर) बघा.

एक राहिलं. हे सगळं अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोड-यादीचं, जे तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहे आणि दर ऑक्टोबरला बदलतं, त्यामुळे क्लासवाल्यांनी जुन्या वर्षाचं पुस्तक गळ्यात मारलं असेल तर परत करा. गाइडलाइनची पीडीएफ सीएमएस या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि तुम्हाला इथल्याच हॉस्पिटलच्या टीपीए (विम्याचे क्लेम बघणाऱ्या) डेस्कला जायचं असेल तर तिथे डब्ल्यूएचओचं साधं आयसीडी-१० दिसेल, त्यात सी३ ते सी७ सगळे एकाच एस१२.२ मध्ये आणि हे ए-डी प्रकरणच नाही, मग माझं वरचं निम्मं उत्तर सोडून द्या. कुठे जायचंय ते कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे सांगते.