पहिली शीट तुझ्या हातची

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू बराच वेळ गप्पच होतीस. मग इंजिनीअरिंगच्या पहिल्या गणिताच्या पेपराबद्दल एकदम म्हणालीस, ‘‘मावशी, एम-वनला तीसपैकी सात पडले. मला हे झेपणार नाही.’’ मी ‘होईल गं’ म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. ‘होईल गं’ हे काही उत्तर झालं नाही. म्हणून लिहायला बसले.

लातुरात दोन वर्षं तू काय कष्ट उपसलेस ते मी पाहिलंय. रोज टेस्ट, रोज रँक. सीईटीत 180 मिनिटं आणि 150 प्रश्न. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे येत नसेल तिथेही काहीतरी निवडून पुढे जायचं. चारांतले दोन पर्याय उडवायचे, उरलेल्या दोनांत अंदाज बांधायचा. ते तुला उत्तम जमलं, म्हणून तर आज तू पुण्यात आहेस. पण आता पर्याय संपले. मेकॅनिक्सच्या पेपरात भिंतीला टेकवलेली शिडी असते. तिच्यावर कुठकुठली बलं आहेत हे आधी तुला ठरवायचं असतं. वजन खाली, जमिनीची प्रतिक्रिया वर, घर्षण भिंतीच्या दिशेने, गुळगुळीत भिंतीची प्रतिक्रिया उलट. शिडीचं हे सुटं चित्र, म्हणजे एफबीडी, नीट जमलं की तीन अज्ञात आणि तीन समीकरणं उरतात, आणि ती सोडवणं तुझ्या डाव्या हाताचा मळ आहे. चित्रात घर्षण राहून गेलं, तर पुढची दोन पानं वाया जातात. एम-वनमध्येही तुझे गुण असे मांडणीतच गेलेत, असं मला वाटतं. तुझी बुद्धी कमी पडलेली नाही. प्रश्न मांडायची सवय तुला कुणी लावलीच नव्हती.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. ती तू सहज सांगून गेलीस, पण मला सातपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. होस्टेलवरच्या ताईने मागच्या वर्षीच्या ग्राफिक्सच्या, म्हणजे इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या, शीट देऊ केल्यात आणि सगळ्या मुली जीटी, म्हणजे काचेवर ठेवून ग्लास ट्रेसिंग, मारणार आहेत.

नको मारूस.

मी मारली होती. 1994 साली, सबमिशनच्या आदल्या रात्री. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी टाकली, खाली बल्ब, काचेवर मैत्रिणीची शीट आणि तिच्यावर माझी. एका रात्रीत चार शीट झाल्या, सगळ्यांवर सही मिळाली. पेपरात मात्र एचपीशी, म्हणजे आडव्या प्रतलाशी, 30 अंश कललेली रेषा समोर आली आणि ती हवेत कुठे, कशी उभी आहे हे मला दिसेचना. त्या विषयात नापास होऊन केटी लागली. तीही निघाली म्हण. पण खरी किंमत सहा वर्षांनी मोजली. नोकरीत माझ्याकडे एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. अमेरिकन गिऱ्हाईक, म्हणजे थर्ड अँगल. त्यात उजव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडेच काढतात. आपल्या फर्स्ट अँगलमध्ये तो डावीकडे जातो. खालच्या चौकटीत छाटलेल्या शंकूची खूण असते, तिच्यावरून अँगल कळतो. मी ती पाहिलीच नाही. भोकं उलट्या बाजूला पडली आणि चाळीस ब्रॅकेट भंगारात गेले. चूक माझीच होती, आणि तिची सुरुवात त्या काचेवर झाली होती. हाताने रेघा ओढल्या, पण डोळा तयार झाला नाही.

हा विषय कंटाळवाणा वाटतो ना? अठराव्या शतकात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने किल्ल्यांच्या तटबंदीचे प्रश्न सोडवताना वस्तू कागदावर उतरवायची ही पद्धत बसवली, आणि फ्रेंच लष्कराने ती कित्येक वर्षं गुपित ठेवली होती. जे लपवून ठेवावंसं वाटलं, ते तुला वर्गात उघड शिकवतायत.

तर पहिली शीट स्वतःची काढ, वाकडी आली तरी चालेल. सॉलिडचा सेक्शन, म्हणजे घन वस्तूचा छेद, दिसत नसेल तर मेसमधून एक गाजर माग आणि तिरकं काप. लंबवर्तुळ हातात येईल.

एम-वनचं म्हणशील तर आता रोज एकच गणित, कोऱ्या कागदावर, सोडवलेलं उदाहरण झाकून. जिथे अडशील तिथे पेन थांबव आणि तो अर्धा कागद घेऊन सरांकडे जा. ‘काही समजलं नाही’ म्हणालीस तर त्यांनाही कुठून सुरू करावं ते कळत नाही. अर्धा कागद दाखवलास तर पाच मिनिटांत काम होतं. आणि खुशाल मराठीत विचार. पार्शल डिफरन्सिएशन इंग्रजीत नाही, चिन्हांत होतं. प्रवेशाचे कॅप राउंड लांबल्याने पहिलं सेमिस्टर आखूडच मिळतं, त्यामुळे सगळ्यांचीच दमछाक चाललीय. शेजारच्या खोलीतली मुलगी कोडिंगचे तीन कोर्स करते म्हणालीस. करू दे तिला.

सीनियर त्रास देत असतील तर मात्र सोसू नकोस. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेव, आणि मला रात्री दोनलाही उठव.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. घरची आठवण नेमकी तेव्हाच गळ्याशी येते, मला ठाऊक आहे. त्या वेळी खोलीत बसू नकोस, सरळ माझ्याकडे ये. भाकरी टाकून ठेवते. रेघा ओढायचा माझा जुना ड्राफ्टर काढून ठेवलाय. त्याचा एक स्क्रू ढिला होतो, तो प्रत्येक रेघेआधी आवळावा लागतो. जेवण झालं की ती 30 अंशांची रेषा आपण दोघी मिळून काढू.

तुझी
मावशी