टी-पेशींच्या ल्युकेमियावर कार-टी उपचार का देत नाहीत?

आपण विचारले आहे की, मुंबईत तयार झालेले कार-टी उपचार, म्हणजे टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) कर्करोग ओळखायला शिकवणारे उपचार, टी-पेशींचाच ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटलेल्या आपल्या भाच्याला का देता येत नाहीत. मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून साकारलेल्या व २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांच्यावर सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारा रेणू) बसवून, त्या परत रक्तात सोडतात. सीडी१९ ही बी-पेशींची, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, खूण आहे. रोगाबरोबर निरोगी बी-पेशी गेल्या तरी माणूस तगतो. टी-पेशींच्या ल्युकेमियात मात्र मारणारा आणि मरणारा एकाच कुळातले असतात. सीडी७ ही खूण दोघांच्याही अंगावर असल्यामुळे, ती ओळखायला शिकवलेल्या पेशी रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच एकमेकींना संपवतात. ही अक्षरशः यादवीच म्हणायची.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात वसीम कासीम यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. त्यांनी निरोगी दात्याच्या टी-पेशी घेतल्या आणि बेस एडिटिंगने, म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे न तोडता जनुकातील एकेक अक्षर बदलून, त्यांतील तीन गोष्टी बंद केल्या. सीडी७ पुसल्याने यादवी टळली, पेशींचा मूळचा ग्राहक काढल्याने त्या रुग्णाच्या शरीरावर उलटेनाशा झाल्या, आणि सीडी५२ ही खूण काढल्याने, रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलेल्या आणि हीच खूण हेरणाऱ्या अलेमटुझुमॅब या औषधापासून त्या बचावल्या. सीडी७ ओळखणारा ग्राहक त्यानंतर बसवला. २०२२ मध्ये केमोथेरपी आणि प्रत्यारोपण दोन्ही हरलेल्या १३ वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या, तेव्हा महिनाभरात रोग दिसेनासा झाला.

तरीही हे उपचार स्वतःपुरते पुरे नाहीत. त्या पेशी रुग्णाच्या निरोगी टी-पेशीही संपवत असल्याने, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो आणि प्रतिकारशक्ती नव्याने उभारण्यासाठी लगोलग अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागते. म्हणून भाच्याच्या डॉक्टरांना सीडी७ वर बेतलेल्या उपचारांच्या वैद्यकीय चाचण्यांविषयी (क्लिनिकल ट्रायल) विचारताना, प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळण्याची शक्यता किती, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.