सरकणारा दगड आधीच कसा ओळखू यायचा?

प्रश्न : लहानपणी तापात पडून असताना चॅनेल बदलता बदलता ‘स्कूबी-डू’ हे कार्टून सापडलं आणि मी त्याचा भक्तच झालो. भिंतीतला कोणता दगड सरकणार, कोणतं पुस्तक ओढलं की चोरदार उघडणार, हे मला आधीच कळायचं. ताई म्हणायची, ‘हा भाग तू पाहिलायस.’ शप्पथ, नव्हता पाहिला! मग कळायचं कसं?

उत्तर : ताईंना सांगा, तुमचे डोळे तयार होते. १९६९ मध्ये ही मालिका सुरू झाली, तेव्हा सगळं हातानंच रंगवत. मागची भिंत, कपाट, काळोख हे एकच स्थिर चित्र, त्यात छटा भरपूर. हलणारी वस्तू मात्र सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, सपाट रंगात रंगवून त्यावर ठेवत. त्यामुळे सरकणारा दगड शेजाऱ्यांपेक्षा जरा उजळ, गुळगुळीत दिसे. बिचारा आधीच चाहूल देऊन मोकळा!

टीव्हीसाठी काम स्वस्तात आणि झटपट उरकायचं, म्हणून अशा युक्त्या फार. त्याच स्टुडिओच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर का? तर धड तसंच ठेवून नुसतं डोकं बदलता यावं, जोड कॉलरखाली झाकला जावा. आणि पळताना तीच खिडकी पुन्हापुन्हा मागे जायची, आठवतं? मला तर लहानपणी तो वाडाच अफाट लांब वाटायचा.

आता रंगकाम संगणकावर होतं, तो फरक सहज मिटवता येतो. हल्लीच्या मुलांना दगड ओळखणं अवघडच.