तुटलेला ग्लो प्लग आणि अडवून ठेवलेली गाडी

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आपली बारा वर्षे जुनी डिझेल गाडी थंडीत सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर, पांढरा धूर सोडत कशीबशी सुरू होई आणि अर्धा तास चालवल्यावरही हीटरमधून गारच हवा येई. चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्याआधी दहनकक्ष तापवणारे) बदलले की दोन्ही तक्रारी जातील, असे सांगून गॅरेजमालकाने ठरलेली पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. चौथा प्लग काढताना सिलिंडर हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागात) तुटला. त्यानंतर आपल्याला न विचारता त्याने हीटर कोअर (कूलंटच्या उष्णतेने आतली हवा तापवणारा भाग) बदलला, तरी हवा गारच राहिली. आता हेड उतरवण्याची मजुरी, हीटर कोअरचे पैसे आणि गाडी उभी केल्याचे रोजचे भाडे मिळाल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. ग्राहक आयोगात सर्व पैसे परत मिळतील का, असे आपण विचारले आहे.

सर्व पैसे मिळतील असे आश्वासन मी देणार नाही. आपला सारा रोख गाडी दुरुस्त झाली नाही यावर आहे, परंतु माझ्या मते आपली सर्वांत भक्कम बाजू गाडी अडवून ठेवण्याच्या मुद्द्यावर आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, ताब्यात दिलेल्या वस्तूवर ठरलेल्या कामासाठी श्रम किंवा कौशल्य खर्ची घालणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते; पैलू पाडलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत राखणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. आपण मात्र ठरलेल्या कामाचे पैसे आधीच दिले आहेत. हेडचे काम अजून झालेलेच नाही, त्यामुळे त्याच्या मजुरीसाठी गाडी राखता येणार नाही, आणि स्वतःच्या मागणीसाठी स्वतःच गाडी अडवणाऱ्याला त्या दिवसांचे भाडे या कलमाच्या आधारे मागता येईल असे मला वाटत नाही. प्रश्न उरतो हीटर कोअरचा. ते काम करण्यास आपण सांगितलेच होते असे गॅरेजमालक म्हणेल, म्हणून जॉबकार्डवर (गाडी देताना कामे लिहून दिलेल्या कागदावर) ‘हीटर तपासणे’ लिहिले आहे की ‘हीटर दुरुस्त करणे’, हे आधी पाहावे.

तुटलेल्या प्लगबाबत आपला राग समजतो, पण केवळ प्लग तुटला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जुन्या डिझेल इंजिनात कार्बन आणि गंज यामुळे ग्लो प्लग हेडमध्ये जाम होतात आणि काळजी घेऊनही कधी कधी तुटतात. करार अधिनियमाचे कलम १५१ इतकेच सांगते की, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची तशीच काळजी घ्यावी जशी सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. म्हणून विचारायचे प्रश्न असे: इंजिन गरम असताना प्लग सैल केले का, गंज सोडवणारे तेल घालून वेळ दिला का, प्लग सुटत नाही हे जाणवल्यावर जोर वाढवण्यापूर्वी आपल्याला धोका सांगून संमती घेतली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रानुसार ‘नाही’ आहे आणि तेच आपल्या उपयोगाचे आहे. शिवाय तुटलेला तुकडा अनेकदा योग्य हत्यारांनी हेड न उतरवताही काढता येतो. ती शक्यता तपासली का, हेही लेखी विचारावे. बिलावर छापलेली ‘जुन्या गाडीची जबाबदारी नाही’ ही ओळ आपल्या हाती काम झाल्यानंतर आली, त्यामुळे तिला आधीच्या करारातील अट म्हणणे कठीण आहे.

हीटरच्या बाबतीत मात्र त्याचे मूळ निदानच टिकणारे नाही. ग्लो प्लग इंजिन सुरू होण्याआधी दहनकक्ष तापवतो, तर हीटर इंजिनच्या कूलंटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून) उष्णता घेतो. एकाच्या बदलाने दुसरा सुधारण्याचे कारण नाही. तापमानाचा काटा नेहमी खालीच राहतो, असे आपण लिहिले आहे. त्यावरून थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) उघडाच अडकला असावा अशी दाट शंका येते. कूलंटची पातळी व थर्मोस्टॅट न तपासता थेट हीटर कोअर बदलणे, तेही अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवून करावे लागणारे काम, हे कौशल्याने केलेले निदान म्हणता येईल का, हा खरा वाद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, त्यामुळे माझे अनुमान येथे पुरेसे नाही. दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून, सही-तारखेसह आणि शक्य असल्यास प्रतिज्ञापत्रावर, लेखी तपासणी अहवाल घ्यावा लागेल.

आता करावयाचे असे. स्पीड पोस्टने नोटीस पाठवून गाडी, बदललेले जुने पार्ट (ते आपल्या मालकीचे आहेत) आणि प्रत्येक मागणीचा तपशील मागावा, तसेच लेखी संमतीशिवाय हेडला हात लावू नये असे स्पष्ट बजावावे. गाडी तातडीने हवी असल्यास हीटर कोअरची वादग्रस्त रक्कम ‘हक्क राखून’ असे लिहून भरता येईल. मी तरी जागाभाडे देणार नाही. नोटिशीला उत्तर न आल्यास जिल्हा आयोगात तक्रार दाखल करावी. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार आपण राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते, आणि कलम ३८ खाली प्रकरण चालू असताना गाडी सोडण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

गाडी आपण भाड्याने चालवता का, हे पत्रात नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असल्यास आपण ग्राहकच आहात. पगारी चालक ठेवून व्यवसाय असल्यास आपण ग्राहक नाही, हाच समोरचा पक्ष पहिला आक्षेप घेईल, म्हणून नोटीस लिहिण्यापूर्वी ते कळवावे.