रोबो बनवणाऱ्या मुलीच्या वडिलांना

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, पंपाचे सुटे भाग करून देतात. मुलगी अकरावी सायन्सला आहे. गेलं सव्वा वर्ष ती 'स्टार वॉर्स' या अमेरिकी सिनेमामालिकेतला आर-टू-डी-टू हा रोबो खऱ्या मापात बनवते आहे. ते लिहितात: "आजीनं दिलेले आणि बक्षिसाचे मिळून 34 हजार रुपये त्यात गेले. पहिल्या चाचणीत 78 टक्के होते, दुसरीत 61 वर आली. स्वतःचं डोकं चालवून काही नवीन केलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण ही नुसती नक्कल आहे. सिनेमातला डबा बघायचा आणि तसाच डबा करायचा. म्हणते, यातच करिअर करणार. थांबवू का तिला? आणि यातून पोट भरेल का, ते एकदा स्पष्ट सांगा." सोबत मुलीच्या वहीच्या 11 पानांचे फोटो आहेत.

नमस्कार.

'नुसती नक्कल' हा शब्द आधी घेते, कारण तुमची सगळी काळजी त्या शब्दापाशी अडली आहे. तुमच्याकडे गिऱ्हाईक झिजलेला शाफ्ट आणून ठेवतं. ड्रॉइंग नसतं. म्हणतं, अस्साच करून द्या. तुम्ही व्हर्निअर लावता, झीज किती झाली असेल त्याचा अंदाज घेता, मूळ माप काय असणार ते ठरवता आणि मग जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लेथच्या चकमध्ये धरता. त्या कामाला तुम्ही कधी नुसती नक्कल म्हणाला आहात का? हे समुपदेशनाचं काम सुरू करण्याआधी मी सात वर्षं टूलरूममध्ये होते. तिथे नव्या मुलाला पहिलं काम हेच मिळायचं: समोर नमुना, आणि तसाच दुसरा करून दाखव. स्वतःचं काही नवीन बनवताना माप चुकलं तर 'मला असंच हवं होतं' म्हणून सुटता येतं. नमुना समोर असला की सुटका नाही. तुमची मुलगी सव्वा वर्ष स्वतःहून त्या कसोटीला उभी आहे.

आणि हे मी कोल्हापूरकरांना सांगते आहे! आनंदराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये ते गेले, आणि 1918 मध्ये बाबुराव पेंटरांनी तो कॅमेरा पुरा केला. परदेशी यंत्र कसं चालतं ते समजून घेत घेतच ते काम झालं. कारखानदारी ज्या गावात अशी रुजली, तिथल्या वडिलांनी मुलीच्या नकलेला कमी लेखू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या 'डब्या'विषयी. दिसायला तो सोपा वाटतो. गोल पिंप, वर अर्धगोल डोकं, दोन बाजूंना पाय. पण मुलीच्या वहीत पान 4 वर 'कोणता आर-टू?' असा प्रश्न लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तो प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कारण एकच आर-टू असा नव्हताच. 1977 च्या पहिल्या सिनेमात एका सांगाड्यात केनी बेकर हा साधारण 112 सेंटिमीटर उंचीचा नट आत बसायचा. तो दोन पायांचा. तीन पायांवर चालणारे वेगळे होते, रेडिओ कंट्रोलवरचे, आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण चालू असताना ते वारंवार दगा द्यायचे. 1980 च्या दुसऱ्या सिनेमासाठी टोनी डायसन यांच्या कार्यशाळेनं नवे बनवले, ते फायबरग्लासचे. पहिल्या सिनेमात अंतराळातल्या लढाईची दृश्यं निळ्या पडद्यापुढे चित्रित झाली. तिथे आर-टूच्या अंगावरचे निळे भाग पडद्याबरोबर गायब झाले असते, म्हणून ते काळे दिसतात. म्हणजे नमुना कोणता धरायचा हे ठरवण्यासाठीच आधी अभ्यास लागतो. तुमच्या मुलीनं 1977 चा धरला आणि शेवटपर्यंत त्याच्याशी इमान ठेवलं. सोळाव्या वर्षी हा निर्णय घेऊन तो पाळणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पायाची. सिनेमात आर-टू दोन पायांवर उभा असतो आणि मग तिसरा पाय खाली येऊन तो मागे कलून चालू लागतो. 1977 मध्ये हे एका यंत्रानं केलंच नव्हतं. दोन पायांचा वेगळा, तीन पायांचा वेगळा, मधलं काम संकलकाच्या कात्रीनं भागवलं. हौशी कारागीर मात्र एकाच सांगाड्यात दोन्ही बसवायला बघतात, म्हणजे जे सिनेमावाल्यांनी टाळलं ते हे लोक सोडवतात. मधला पाय खाली येताना अंग मागे झुकायला हवं, खांद्याचा सांधा त्याच वेळी सुटायला हवा आणि ठरलेल्या कोनात पुन्हा अडकायला हवा. वजन क्षणभर जरी पुढे गेलं तरी सगळं तोंडावर आपटतं. धातूचा पूर्ण आर-टू सहज 50 किलोच्या वर जातो, तेव्हा ते आपटणं साधं नसतं. तुमच्या मुलीनं या एका सांध्यावर साडेपाच पानं लिहिली आहेत. अॅक्चुएटर, म्हणजे पाय खाली ढकलणारा दांडा, किती लांबीचा, खिट्टी कुठे पडेल, गुरुत्वमध्य बॅटरी हलवून मागे नेता येईल का. डोक्यावर दोन पानं, मोटारींवर एक. रंगावर सव्वा. आवाजावर एक ओळ.

तुम्ही मला करिअर विचारलंत, त्याचं उत्तर मला या पानांच्या हिशेबातच दिसतं. असा रोबो म्हणजे पाच-सहा धंदे एकत्र आलेले असतात. पत्र्याचं काम आहे, बाहेरचा आणि आतला असे दोन थर, त्यातून दारांना खोली दिसते. डोकं न थांबता गोल फिरायला हवं, म्हणून वायरींना पीळ पडू नये यासाठी स्लिप रिंग बसवावी लागते. मोटार ड्रायव्हर, आर्ड्विनो नावाचं छोटं कंट्रोल बोर्ड, रिमोट. दिव्यांची लुकलुक. रंग, आणि रंगावरचे वापराचे ओरखडे. प्रत्येक मूल या सगळ्यात एका जागी रेंगाळतं. ते कुठे रेंगाळतं ते बघायचं. ओरखडे जमावेत म्हणून रंग तिसऱ्यांदा खरवडणारं मूल वेगळं, आणि कोड चालेना म्हणून रात्रभर जागणारं वेगळं. रंगवाल्याला मी डिझाइनच्या प्रवेशासाठी यूसीड किंवा एनआयडीच्या परीक्षेकडे पाठवलं असतं, पुढे पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेतल्या कला दिग्दर्शनाकडे. कोडवाल्याला इलेक्ट्रॉनिक्सकडे. तुमची मुलगी सांध्यापाशी थांबते. यंत्र हलतं कसं आणि कुठे अडतं, हे तिचं वेड आहे. मेकॅनिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स, यांतलं जे चांगल्या कॉलेजात मिळेल ते. शाखेच्या नावात 'रोबोटिक्स' आहे म्हणून कमकुवत कॉलेज घेऊ नका. तिथली वर्कशॉप उघडी असते का, मुलांना मशिनला हात लावू देतात का, हे स्वतः जाऊन बघा. तुमच्यासारख्याला ते पाच मिनिटांत कळेल.

पोट भरण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. सिनेमासाठी रोबो बनवून जगणारे लोक जगात मोजके आहेत, आणि आपल्याकडे असं बरंचसं काम आता कॉम्प्युटरवरच होतं. तरी ज्यांना ते मिळालं त्यांना कसं मिळालं, हे मुलीला सांगण्यासारखं आहे. आर-टू बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक जागतिक क्लब 1999 पासून आहे. 2013 मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात 'स्टार वॉर्स'चा मेळा भरला होता. तिथे क्लबच्या मंडळींनी आपापले आर-टू मांडले होते. निर्मात्या कॅथलीन केनेडी ते बघायला आल्या. त्यातून ली टॉवर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोघा ब्रिटिश हौशी कारागिरांना 2015 साली आलेल्या सिनेमासाठी आर-टू बनवण्याचं काम मिळालं. त्यांची नक्कल इतकी खरी होती की असल बनवायला त्यांनाच बोलावलं. दुसरं उदाहरण ग्रँट इमाहारा यांचं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग सिनेमाच्या मॉडेल शॉपमध्ये नोकरी, तिथे आर-टू चालवण्याचं काम, नंतर टीव्हीवर विज्ञानाचे प्रयोग. 2020 मध्ये ते अकाली गेले. त्याच वर्षी त्यांनी एका छोट्या पात्राची हलती प्रतिकृती स्वतःच्या वेळात बनवली होती, दवाखान्यातल्या मुलांना भेटायला न्यायची म्हणून. पदवी मात्र त्यांच्याकडे आधीपासून होती. हे तिला आवर्जून सांगा.

रोजची भाकरी दुसरीकडे आहे आणि ती तुमच्या अंगणातच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे चाकण. एसपीएम, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठीची खास मशिनं, बनवणारे कारखाने तुम्हाला माहीत आहेत. एकेक मशिन एकदाच बनतं, एका गिऱ्हाइकासाठी, पहिल्याच खेपेला चालायला हवं. आर-टू हे तसंच एकदाच बनणारं मशिन आहे, त्यामुळे हे काम करायला लागणारी बुद्धी या मुलीच्या हातात आत्ताच तयार होते आहे. विज्ञान केंद्रांतली हलती प्रदर्शनं, करमणूक उद्यानं, कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या संस्था, ही आणखी काही दारं. आणि गणपतीतले तांत्रिक देखावे विसरू नका. गिअर मोटार, कॅम, पट्टे आणि मागे लपलेला एक घामाघूम माणूस, हे सगळं कोल्हापूरच्या पोरांनी दरवर्षी बघितलेलं असतं. तुमच्या ओळखीत असा देखावा करणारा कारागीर असेल तर श्रावणात महिनाभर तिला त्याच्या हाताखाली द्या. हलणाऱ्या मूर्तीत सांधे कुठे झिजतात, हे तिला तिथे जितकं कळेल तितकं पुस्तकात कळणार नाही.

मार्कांचं. इथे मी तुमच्या बाजूनं आहे, आणि हा भाग तिला वाचायला द्या. बाळ, एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात तुझ्या आर-टूला एकही मार्क नाही. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, कुणी त्याचा फोटो बघणार नाही. सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावरचे असतात, म्हणजे 61 टक्क्यांवर घसरलेलं हे वर्ष तुला पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार आहे. आणि तुझ्या वहीत गुरुत्वमध्याचं गणित जिथे अडलं आहे, ते अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं टॉर्कचं प्रकरण आहे. तू ते प्रकरण सोडून आर-टूकडे गेलीस आणि आर-टूनं तुला परत त्याच प्रकरणापाशी आणून उभं केलं. आधी ते नीट कर.

दादा, थांबवू नका, पण बांध घाला. शनिवार संध्याकाळ आणि रविवार, आठवड्याला आठ तास. बारावीच्या डिसेंबरपासून सीईटी होईपर्यंत रोबोवर चादर. मात्र मोडायचा नाही, खोली रिकामी करायची नाही, भाग भंगारात घालायचे नाहीत. तो तिथे उभा दिसला पाहिजे. पैसे महिन्याला ठरवून द्या आणि हिशेब तिला लिहू द्या. वही चालू ठेवायची: तारीख, फोटो, ड्रॉइंग, आणि काय बिघडलं ते. बिघडलेल्याची नोंद सगळ्यात महत्त्वाची. पुढे रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेसाठीच्या कॉलेजच्या संघात जागा मागताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत तयार रोबोच्या फोटोपेक्षा ही वही तिच्या कामी येईल. ऑर्डरी घेऊन विकायचा विचार मात्र कुणी सुचवला तरी करू नका. ते पात्र दुसऱ्याच्या मालकीचं आहे. हौस म्हणून बनवणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं.

सुरक्षेचं तुम्ही बघा, ते वय तिचं नाही. बॅटरीला फ्यूज आहे का? मोटारी एका बटणात बंद होतात का? लाल, मोठं, मागच्या बाजूला हाताशी येणारं बटण हवं. रिमोटचा सिग्नल तुटला तर चाकं आपोआप थांबली पाहिजेत. 50 किलोचं यंत्र गल्लीतल्या लहान मुलांमध्ये फिरणार असेल तर हे आधी, रंग नंतर.

शेवटच्या पानावर तिनं लिहिलं आहे की स्पिनिंगनं, म्हणजे पत्रा फिरवत दाबून, भांडी घडवणाऱ्याकडून डोक्याचा ॲल्युमिनियमचा डोम करून आणला, तो व्यासात 4 मिलिमीटर मोठा आला आणि खालच्या रिंगला घासतो. खाली कंसात: 'बाबांना विचारावं का?' आणि मग ते खोडलं आहे. तुम्ही ही पानं नीट वाचली नसावीत, नाहीतर पत्रात हे आलं असतं. डोमला हात लावू नका, पत्रा पातळ आहे, ठोकला तर लाटा येतील. रिंग नवी करावी लागेल. ड्रॉइंग तिला काढू द्या, टॉलरन्ससकट, म्हणजे मापात किती फरक चालेल त्यासकट. चुकलं असेल तर जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला परत पाठवता तसं परत पाठवा. बरोबर आलं की रविवारी वर्कशॉप उघडा आणि जॉब लावून द्या.